परड्यातली वासाची फुलं : कोणती आपोआप उगवतात, कोणती हातानं पेरावी लागतात

बेळगाव : मृगाचा पहिला पाऊस पडून चार-पाच दिवस झाले, की परड्यात, कुंड्यांत, न्हाणीघराच्या मागच्या आळ्यातसुद्धा दोन-दोन पानांची रोपं वर येतात. त्यातली निम्मी तण असतात. उरलेल्यांत गेल्या वर्षीची गुलबक्षी असते, मखमल असते, सब्जा असतो, तेरडा असतो. नेमकं त्याच आठवड्यात "परडं साफ करून घ्या" असा घरात हुकूम निघतो आणि खुरपं सरसकट फिरतं. मग येत्या रविवारी नर्सरीत जाऊन तीच झाडं काळ्या पिशवीत भरलेली विकत आणली जातात.

समजा एक रोप तीस रुपयांचं धरलं आणि पावसाळ्यात वीस, हिवाळ्यात वीस लावली, तर वर्षाला बाराशे रुपये झाले. रक्कम काही मोठी नाही. पण वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला खटकतं ते असं, की हा खर्च दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. शिवाय ज्या वासासाठी फुलं लावायची, तो वास तयार रोपांत बऱ्याचदा नसतोच. नर्सरीसाठी तयार होणाऱ्या जाती बुटक्या, भरगच्च आणि लवकर फुलणाऱ्या हव्या असतात. गिऱ्हाईक रंग बघून रोप उचलतं, वास घेऊन नाही. म्हणून वासाकडं पैदासकारांचंही लक्ष कमीच जातं.

बियांपासून स्वतः वाढवायची आणि पुढच्या वर्षी आपलं बी आपणच टाकणारी, अशी वासाची हंगामी फुलझाडं आपल्या भागात कोणती जमतात, याची ही माहिती. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. इंग्रजी पुस्तकांत आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंत "आपोआप उगवणाऱ्या फुलां"च्या ज्या याद्या असतात, त्यातल्या बऱ्याच आपल्याकडं लागू पडत नाहीत. कारण त्या याद्या थंड देशांतल्या पावसाच्या आणि बर्फाच्या हिशेबानं केलेल्या आहेत.

बी पडतं कधी, पाऊस येतो कधी

हंगामी झाड म्हणजे एका हंगामात उगवून, फुलून, बी धरून मरणारं. बी जमिनीवर पडलं, की पुढची ओल मिळेपर्यंत ते वाट बघतं. आता आपल्याकडची दोन प्रकारची झाडं घ्या.

पावसाळी झाड जूनमध्ये उगवतं, श्रावण ते दिवाळी फुलतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बी टाकतं. त्या बियांच्या नशिबी पुढं सहा महिने कोरडे असतात. थंडी, मग ऊन, मग वळीव आणि शेवटी मृग. योग्य वेळी ओल मिळते आणि बी उगवतं. या झाडांचं घड्याळ आणि आपल्या पावसाचं घड्याळ जुळलेलं आहे.

हिवाळी झाडाचं उलटं. ते ऑक्टोबरमध्ये उगवून जानेवारी-फेब्रुवारीत फुलतं आणि मार्च-एप्रिलमध्ये बी टाकतं. दोन-अडीच महिन्यांत पाऊस सुरू होतो. बरंच बी जूनमध्येच उगवतं, आणि चार महिन्यांच्या चिखलात ती नाजूक रोपं कुजतात. खानापूर-जांबोटीच्या बाजूला तर पाऊस असा, की वाफाच जागेवर राहत नाही. थोडंफार बी ऑक्टोबरपर्यंत तग धरतं, तेही पागोळीच्या आत, फरशीच्या फटीत, कुंडीच्या आडोशाला पडलेलं. त्यामुळं हिवाळी फुलांचं बी मार्चमध्ये गोळा करून डब्यात ठेवायचं आणि हस्त-चित्रा नक्षत्रांत हातानं पेरायचं, हाच आपल्या भागातला खात्रीचा मार्ग.

एवढं लक्षात ठेवलं, की निम्मी निराशा टळते. "पाकिटावर लिहिलं होतं आपोआप येतं, आमच्याकडं कुठं आलं?" असं विचारणारे बहुतेक जण हिवाळी फुलांबद्दल बोलत असतात.

गुलबक्षी

पावसाळी वासाच्या फुलांत पहिला मान गुलबक्षीचा, आणि तिला हल्ली कुणी विचारत नाही म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

मूळची ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. आपल्याकडं इतकी रुळली, की प्रत्येक भाषेनं तिला आपलं नाव दिलं. कानडी शेजारी तिला संजे मल्लिगे, म्हणजे संध्याकाळची मोगरी म्हणतात. हिंदी मुलखात ती गुल-अब्बास, गुजरातीत गुलबास, तेलुगूत चंद्रकांता. संध्याकाळ आणि चंद्र नावात आले, कारण फूल दुपारी चार-पाचच्या सुमारास उमलतं, रात्रभर दरवळतं आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं. ढगाळ दिवशी सकाळी जरा जास्त वेळ टिकतं. वास मोगऱ्याइतका भारी नाही. अंगणात खुर्ची टाकून बसलं तर वाऱ्याबरोबर येतो आणि जातो, असा. दिवे लागल्यावर लांब सोंडेचे मोठे पतंग या फुलांवर घिरट्या घालताना दिसतात. परागीकरण मुख्यतः त्यांचंच काम. गंमत म्हणजे आपण जिला पाकळी म्हणतो ती पाकळी नाहीच, रंगीत झालेलं निदलपुंज आहे. गुलबक्षीला खऱ्या पाकळ्या नसतात.

रंगांच्या बाबतीत ही मोठी खोडकर. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी निघते, हे जीवशास्त्राच्या पुस्तकात अनेकांनी वाचलं असेल. एकाच झाडावर पिवळी, गुलाबी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे उडालेली फुलंही येतात. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं १९०९ साली पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांच्या गुलबक्षीवर प्रयोग करून दाखवलं, की पानांचा तो रंग पुढच्या पिढीत फक्त मादी झाडाकडून येतो, परागकण कुठल्या झाडाचे होते याला तिथं महत्त्व नसतं. आनुवंशशास्त्रात हा प्रयोग आजही शिकवला जातो. आपल्या न्हाणीघरामागं वाढणाऱ्या झाडाची ही ओळख फारशी कुणाला नसते.

पेरायची पद्धत सोपी. बी काळं, खरबरीत, मिऱ्यासारखं. रात्रभर पाण्यात भिजवून अर्धा-पाऊण इंच खोल लावायचं. आठवडा ते दोन आठवड्यांत उगवतं आणि साधारण दोन महिन्यांत फुलायला लागतं. झाड दोन-तीन फूट उंच, तितकंच रुंद होतं, म्हणून दोन झाडांत दीड-दोन फूट अंतर हवं. अर्धा दिवस ऊन पुरतं. तांबड्या जमिनीत छान येते. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर वाफा चार बोटं उंच करायचा. कुंडीतच लावायची असेल तर बारा इंचांहून लहान घेऊ नये.

प्रत्येक फुलामागं एकच बी धरतं. काळं झालं की हात लागताच खाली पडतं. डिसेंबरपर्यंत झाडाखाली बियांचा सडा असतो, आणि पुढच्या जूनमध्ये त्या सड्याचं रोपांचं गवत होतं. खरं तर गुलबक्षीत अडचण उगवण्याची नाहीच, आवरण्याची आहे. शिवाय तिला जमिनीत रताळ्यासारखं मूळ असतं. वरचं झाड उन्हाळ्यात वाळलं तरी पावसात त्या मुळातून पुन्हा फुटतं. म्हणजे हंगामी म्हणून लावलेली गुलबक्षी आपल्याकडं मुक्कामाला राहते. तिसऱ्या वर्षी ती मुळं पहारीशिवाय निघत नाहीत. म्हणून जूनमध्ये हातभर वाफ्यात एक-दोन रोपं ठेवून बाकीची बोटभर असतानाच उपटावीत आणि शेजाऱ्यांना द्यावीत.

घरात लहान मूल असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. गुलबक्षीचं बी आणि मूळ विषारी आहे. मिऱ्यासारखं दिसतं म्हणून मुलं भातुकलीत घेतात. पोटात गेलं तर उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. मुलानं बी गिळल्याचं कळलं तर घरी मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नये. तेच बी कागदात गुंडाळून बरोबर घ्यावं आणि सरळ दवाखाना गाठावा. बालवाडीच्या अंगणात किंवा रांगत्या मुलाच्या घरात गुलबक्षी लावूच नये, असं माझं मत.

सब्जा, मखमल आणि बिनवासाचा तेरडा

सब्ज्याला फूलझाड म्हणायचं का, असा प्रश्न येईल. फूल पांढरं, बारीक. पण वास सगळ्या झाडाला, आणि दिवसभर. कानडीत याला कामकस्तुरी म्हणतात, गुजरातीत बियांना तकमरिया. फालुद्यात घालतात ते हेच बी. स्वयंपाकघरातला डबा फार जुना नसेल तर त्यातलं चिमूटभर पेरूनही झाडं येतात. बी मातीवर पसरून नुसतं दाबायचं, वर माती लोटायची नाही. पाणी लागलं की प्रत्येक बियाभोवती बुळबुळीत आवरण तयार होतं आणि ओल धरून ठेवतं. आठवड्याभरात हिरवी पिल्लं दिसतात. मंजिऱ्या तपकिरी होईपर्यंत झाडावर राहू दिल्या, की पुढच्या वर्षी त्याच जागी गर्दी. तुळशीचंही तसंच, वृंदावनाच्या पायाशी उगवलेली रोपं कुणी पेरलेली नसतात. मंजिऱ्यांवर मधमाश्या इतक्या येतात, की मिरची-दोडक्याच्या वाफ्याशेजारी चार सब्जे लावले तर त्या भाज्यांच्या फुलांवरही माश्या फिरतात.

मखमल म्हणजे झेंडूचीच लहान चण. फुलापेक्षा पानाचा वास उग्र, काहींना आवडतो, काहींचं डोकं उठतं. दसऱ्याच्या तोरणातलं सुकलेलं फूल चुरून वाफ्यात टाकलं तरी पुढं रोपं येतात, फक्त ते संकरित जातीचं असेल तर फुलं एकसारखी येत नाहीत. बाजारातला भरगच्च झेंडू बहुतेक संकरित असतो. त्याच्या बियांतून निघालेल्या झाडांत काही उंच, काही खुरटी, काही एकेरी पाकळ्यांची. ज्याला तोरणासाठी एकसारखी फुलं हवीत त्यानं बी विकत घ्यावं. घराच्या देव्हाऱ्याला एकेरी फूल चालतं.

तेरड्याला वास नाही. तरी त्याचं नाव घ्यायचं कारण, आपोआप उगवणं म्हणजे काय हे त्याच्याकडून शिकावं. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की ते फटकन उकलतं आणि बी हातभर लांब उडतं. आपल्याकडं अनेक घरांत गौरीला तेरडा लागतो, त्यामुळं माळावरचा असो की परड्यातला, सगळेच्या सगळे उपटून नेऊ नयेत. चार झाडं बी धरायला ठेवली तरच पुढच्या भाद्रपदात हुडकत फिरावं लागत नाही.

जूनमधली ओळख

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, म्हणून खुरपं हातात घेण्याआधी वाफ्याशी दहा मिनिटं बसावं.

गुलबक्षीची पहिली दोन पानं रुंद, जाडसर, हृदयाच्या आकाराकडं झुकणारी आणि बाकी सगळ्या रोपांपेक्षा मोठी असतात. देठाला बहुधा लालसर झाक असते. तेरड्याचा देठ पाण्यानं भरल्यासारखा, जवळजवळ आरपार दिसणारा. पुढची पानं लांबट आणि कडेला करवतीसारखी. सब्ज्याची पहिली पानं बारीक, अर्धगोल. ती इतकी लहान असतात, की वास हीच त्याची खूण. एक पान चुरगाळून नाकाशी न्यायचं.

घोटाळा होतो तो मखमल आणि काँग्रेस गवतात. दोघांची पानं कातरलेली. मखमलीचं रोप उभं वाढतं, पानं समोरासमोर येतात आणि चुरगाळल्यावर झेंडूचा ओळखीचा वास येतो. काँग्रेस गवत सुरुवातीला जमिनीला चिकटून गोल पसरतं, पानावर राखाडी लव असते. ते हातानं चुरगाळून बघू नका, अनेकांच्या कातडीला त्यानं खाज सुटते. उपटायचं झालं तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून, आणि फूल यायच्या आधी.

ओळख पटेपर्यंत, म्हणजे पाऊस सुरू झाल्यापासून साधारण तीन आठवडे, वाफ्यातलं काही काढायचं नाही. परडं गबाळं दिसतं, पाहुणे काय म्हणतील असं वाटतं. दिसू द्या.

या दिवसांत रोपांचा खरा शत्रू गोगलगाय. मोठ्या शंखाची आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत वाफा साफ करते. मीठ टाकल्यानं ती मरते, पण माती खारट होऊन रोपंही जातात. रात्री आठ-नऊला बॅटरी घेऊन, पिशवीत हात घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. किळसवाणं काम आहे, पण दुसरा सोपा उपाय नाही. वेचून झाल्यावर साबणानं हात धुवायलाच हवेत.

हिवाळी फुलं : डब्यातलं बी

बेळगावची थंडी ही आपल्याला मिळालेली ठेव. समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फूट उंचीवर असल्यानं इथं जी हिवाळी फुलं येतात ती खाली कोकणात, गोव्यात नीट येत नाहीत. परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये झोडपून जातो, म्हणून बी आधी ट्रेमध्ये किंवा पसरट कुंडीत, वळचणीखाली टाकावं. चार-सहा पानं आली की दिवाळीच्या आसपास वाफ्यात लावावं.

सोपं आणि खात्रीचं म्हणजे स्वीट ॲलिसम. वीतभर उंचीचं, पांढऱ्या बारीक फुलांचं, मधासारख्या वासाचं. मूळचं भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याचं. बी मातीवर पसरून दाबायचं. दीड-दोन महिन्यांत फुलं. वाफ्याच्या कडेला लावलं तर चालताना वास येतो. हिवाळी फुलांत आपलं आपण उगवण्याची शक्यता यालाच जास्त, फरशीच्या फटीत ऑक्टोबरमध्ये रोपं दिसली तर काढू नका.

स्वीट पी हा वेल. सिसिलीतल्या फ्रान्सेस्को कुपानी या धर्मगुरूनं १६९९ मध्ये याचं बी इंग्लंडला पाठवलं आणि तिथून तो जगभर गेला. पुढं मोठ्या, झालरीच्या फुलांच्या जाती निघाल्या. त्यातल्या काहींचा वास उणा झाला. कुपानीच्या नावाची जुनी, लहान फुलांची, जांभळी-किरमिजी जात आजही मिळते आणि वासात ती सरस. बी कडक असतं, रात्रभर भिजवून पाऊण इंच खोल पेरावं. आमच्याकडं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा ही वेळ, उशीर झाला तर फुलायच्या आधी ऊन तापतं. फुलं रोज तोडावी लागतात. शेंग धरली की वेलाचं फुलणं थांबतं. म्हणून फेब्रुवारीअखेरपर्यंत तोडत राहायचं आणि शेवटची दहा-बारा फुलं शेंगांसाठी सोडायची. दिसायला वाटाण्यासारखी असली तरी ही शेंग विषारी आहे. वाटाण्याच्या वाफ्याशेजारी लावू नये, घरातल्या नव्या माणसाची फसगत होते.

स्टॉकला लवंगेसारखा वास. थंडी नीट पडली तरच तो मनासारखा फुलतो. इथं एक गोष्ट बी राखणाऱ्यानं जाणून घ्यावी. भरगच्च फुलांच्या झाडाला बी धरतच नाही. बी धरतं ते एकेरी फुलांच्या झाडाला, आणि त्याच बियांतून पुढच्या वर्षी काही एकेरी, काही भरगच्च झाडं निघतात. एकेरी झाड कुरूप म्हणून उपटलं, की बी संपलं.

निकोटियाना हा तंबाखूचा भाऊबंद, दक्षिण अमेरिकेतला. निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांना याचं तरू कसं टाकायचं हे सांगायची गरज नाही. बी धुळीइतकं बारीक, म्हणून वाळूत किंवा राखेत मिसळून विस्कटायचं, झारीनं पाणी द्यायचं. निकोटियाना अलाटा ही उंच, पांढऱ्या फुलांची जात घ्यावी. दिवसा फुलं मलूल दिसतात आणि अंधार पडल्यावर अंगणभर वास सुटतो. बुटक्या, दिवसा उघडणाऱ्या रंगीत जाती पाकिटावर छान दिसतात, वासाला तितक्या नाहीत. तंबाखूच्या कुळातला असल्यानं सगळं झाड विषारी. तंबाखूवरचे काही रोग टोमॅटो-मिरचीलाही लागतात, तेव्हा भाजीच्या वाफ्यापासून लांब बरा.

पिटुनियाबद्दल एवढंच, की विकतचा संकरित पिटुनिया बी टाकतो तेव्हा पुढची पिढी बऱ्याचदा फिक्या जांभळ्या किंवा पांढऱ्या, लहान फुलांची येते. लोक म्हणतात बिघडली. संध्याकाळी वास घेऊन बघा, बरेचदा विकतच्यापेक्षा तीच जास्त वास देते.

दवण्याचं नाव राहिलं असं ज्योतिबाला जाणारे म्हणतील. दवणाही हंगामी आणि वासाचा, पण थंडीतल्या कोरड्या हवेचं पीक. जास्त पाऊस आणि ओल त्याला सोसत नाही. नोव्हेंबरात पेरून चैत्राच्या आधी काढायचा. ताजं बी मिळालं तर कुंडीत करून बघण्यासारखा आहे.

वास निवडायचा कसा, बी ठेवायचं कसं

एकाच पाकिटातल्या सगळ्या झाडांचा वास सारखा नसतो. फुलं आली की संध्याकाळी आणि सकाळी अशा दोन वेळा वाफ्यातून फिरावं. ज्या दोन-तीन झाडांचा वास उठून येतो त्यांना लोकरीचा धागा बांधावा. बी त्यांचंच धरायचं. बिनवासाची झाडं लवकर काढून टाकली, तर त्यांचे परागकण चांगल्या झाडांवर जात नाहीत. चार-पाच वर्षं असं केलं की घरचं वाण तयार होतं, जे कुठल्याच दुकानात मिळणार नाही. संकरित पाकिटावर एफ-१ असं छापलेलं असतं. बी राखायचं असेल तर ते टाळून साधी, सरळ वाणाची पाकिटं मागावीत.

बी झाडावरच तपकिरी किंवा काळं होऊ द्यावं. सकाळचं दव उतरल्यावर काढावं, सावलीत वर्तमानपत्रावर आठ दिवस वाळवावं. कागदाच्या पुडीत भरून वर नाव आणि वर्ष लिहावं. साल न लिहिलेली पुडी दोन वर्षांनी कचराच. पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत औषधांच्या बाटलीतून निघणारी ओल शोषणारी पुडी किंवा भाजून गार केलेले मूठभर तांदूळ. आपल्याकडं बियांना उन्हाळ्यापेक्षा जुलै-ऑगस्टची दमट हवा मारते. डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला तर उत्तम. बहुतेक फुलांचं बी दोन वर्षांत पेरून टाकावं.

विकतच्या पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं, तर त्याला औषध चोळलेलं असतं. हात धुवावेत, उरलेलं पाखरांना टाकू नये.

पेरलेलं बी मुंग्या नेत असतील तर ट्रे पाण्याच्या परातीत विटेवर ठेवावा. उगवलेली रोपं बुडाशी काळी पडून आडवी होत असतील तर पाणी जास्त झालंय आणि दाटी झालीय. रोपं विरळ करावीत आणि पाणी सकाळीच द्यावं.

इतर गावच्या वाचकांसाठी

गोव्यात आणि कोकणात गुलबक्षी, सब्जा, मखमल, तेरडा यांच्यावर भर द्यावा. हिवाळी फुलांत निकोटियाना आणि पिटुनिया करून बघावेत, स्वीट पी आणि स्टॉकवर पैसे घालू नयेत. इंदूर आणि ग्वाल्हेरची थंडी आपल्यापेक्षा खणखणीत. तिथं स्वीट पी, स्टॉक, ॲलिसम सगळं येतं, ऑक्टोबरमध्ये पेरावं. फक्त ग्वाल्हेरला कडाक्याच्या रात्री कोवळ्या रोपांवर पोतं टाकावं. बडोदा आणि हैदराबादला थंडीचा काळ आखूड, म्हणून लवकर फुलणारं ॲलिसम आणि पिटुनिया बरे. गुलबक्षी मात्र या सगळ्या गावांत जमते, उन्हाळ्यात वाळली तरी मूळ उकरू नये.

ज्यांच्या अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत, त्यांनी कुंपणालगत एक फूट रुंदीची उघडी पट्टी ठेवली तरी पुरते. बी पडायला उघडी माती लागते, त्यावर पालापाचोळ्याचा जाड थरही नको.

शेवटी बी कुठं टाकायचं नाही तेही सांगायला हवं. पावसाळ्यात बियांचे गोळे करून डोंगरात फेकायची हल्ली टूम आहे. त्यात फुलांचं बी कधीच घालू नये. पिवळा-नारिंगी कॉसमॉस बागेतून निसटून पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि रस्त्याकडेला पसरला आहे आणि तिथल्या रानफुलांची जागा घेतो आहे. वर सांगितलेली बरीच फुलं परदेशातून आलेली आहेत आणि आपोआप पसरणं हाच त्यांचा गुण. आंबोली, चोर्ला, खानापूरच्या जंगलाकडं सहलीला जाताना खिशात बी नको. परडं साफ करून निघालेला बियांचा कचराही गावाबाहेरच्या नाल्यात न टाकता कंपोस्टच्या खड्ड्यात खोल घालावा. गुलबक्षीची उपटलेली मुळं आधी उन्हात वाळवून मगच खड्ड्यात टाकावीत, नाहीतर ती खड्ड्यातही फुटतात.